बंदुकीच्या टप्प्यात क्रौंच

एप्रिलच्या मध्यावरची पहाट. साडेपाचाला दहा मिनिटे कमी होती. अमेरिकेतल्या विस्कॉन्सिन राज्यात, बाराबू गावाजवळच्या एका पाणथळीच्या कडेला मी आणि माझी मुलगी लोकरीच्या टोप्या कानांवर ओढून उभे होतो. आपल्याकडे या दिवसांत अंगाची लाही होत असते. इथे मात्र पाणकणसाच्या वाळक्या पात्यांवर दव गोठून पांढरे झाले होते. मुलीच्या हातात एक छापील तक्ता होता, माझ्या हातात दुर्बीण. ‘‘बाबा, आता दोन तास बोलायचं नाही,’’ असे तिने मला गाडीतच बजावले होते.

बोलण्याची गरजही पडली नाही. धुक्याआडून एकदम एक आवाज उठला. तुतारी कोणी घशात अडकवून फुंकावी तसा, खरखरीत आणि घुमणारा. त्याला लगेच दुसऱ्या, किंचित वरच्या पट्टीतल्या आवाजाने उत्तर दिले. नराची एक हाक, मादीच्या दोन. पुन्हा नराची एक, मादीच्या दोन. जोडी आपल्या हद्दीची द्वाही फिरवत होती. मुलीने तक्त्यावर वेळ लिहिली, दिशा लिहिली आणि ‘जोडी’ या रकान्यात एक रेघ ओढली.

ही क्रौंचांची मोजणी. बाराबूला क्रौंचांसाठी काम करणारी एक आंतरराष्ट्रीय संस्था आहे, इंटरनॅशनल क्रेन फाउंडेशन. तिच्या पुढाकाराने दर वर्षी एप्रिलमधल्या एका पहाटे शेकडो हौशी माणसे अशीच दलदलींच्या कडेला उभी राहतात. १९७६ साली एका तालुक्याएवढ्या टापूत सुरू झालेली ही मोजणी आता शेजारच्या राज्यांतही पोचली आहे. मोजणाऱ्यांत शिक्षक असतात, निवृत्त पोस्टमन असतात, शाळकरी मुले असतात. मी पैठण तालुक्यातल्या एका शाळेतून निवृत्त झालेला मास्तर. मुलगी मॅडिसनला नोकरीला. उन्हाळ्यात तिच्याकडे यायचे आणि नातवंडांना सांभाळायचे, एवढाच कार्यक्रम घेऊन मी पहिल्यांदा आलो होतो. मोजणीचे हे वेड तिने लावले. आता दर वर्षी विमानाचे तिकीट काढताना आधी मोजणीची तारीख विचारतो.

यंदा मात्र मोजणीला आलेल्या माणसांच्या बोलण्यात नेहमीचा मोकळेपणा नव्हता. मोजणी संपल्यावर गाड्यांपाशी उभे राहून कॉफी पिताना जो तो एकच गोष्ट बोलत होता: या पक्ष्यांच्या शिकारीचा हंगाम.

पंचवीस जोड्यांपासून

ज्या पक्ष्याबद्दल हे चालले आहे, त्याची आधी ओळख करून द्यायला हवी. इंग्रजीत त्याला सँडहिल क्रेन म्हणतात. आपल्या सारसाचा हा अमेरिकन भाऊबंद. उंची साधारण चार फूट, पंखांचा पसारा सहा फुटांच्या वर, रंग राखाडी आणि कपाळावर तांबड्या कातडीचा टिळा. वसंतात तो चोचीने चिखल घेऊन पिसांना फासतो, त्यामुळे उन्हाळ्यात तो गंजलेल्या लोखंडासारखा तांबूस दिसतो. जोडी जमली की बहुधा वर्षानुवर्षे टिकते. नाच तर असा करतात, की बघणाऱ्याला वय विसरून पाय हलवावेसे वाटतात.

आज विस्कॉन्सिनमध्ये रस्त्याच्या कडेच्या शेतातही हा पक्षी दिसतो. पण तो दिसतो म्हणून तो कायम होता असे समजू नये. एकोणिसाव्या शतकात इथे आलेल्या वसाहतकऱ्यांनी दलदली उपसून शेते केली आणि क्रौंच मारून खाल्ले. १९१६ साली अमेरिका आणि कॅनडा यांच्यात स्थलांतरित पक्ष्यांविषयी करार झाला, १९१८ साली त्याचा कायदा झाला आणि शिकार थांबली. पण तोवर फार उशीर झाला होता. १९३०च्या दशकात साऱ्या राज्यात जेमतेम पंचवीस जोड्या उरल्याचा अंदाज होता. त्या वेळी विस्कॉन्सिन विद्यापीठात प्राध्यापक असलेल्या आल्डो लिओपोल्ड यांनी १९३७ साली या पक्ष्यावर एक लेख लिहिला. तो वाचताना आपण मृत्युलेखच वाचतो आहोत असे वाटते. क्रौंच इथून जाणार, असे त्यांनी धरूनच टाकले होते.

ते गेले नाहीत. बंदुका बंद राहिल्या, काही दलदली राखल्या गेल्या, आणि पक्ष्यांनी स्वतःच एक गोष्ट शिकून घेतली: दलदलीत घरटे करायचे आणि शेजारच्या मक्याच्या शेतात चरायचे. पंचवीस जोड्यांचे हजारो पक्षी व्हायला तीन पिढ्यांइतका काळ लागला. विस्कॉन्सिन ज्या पूर्वेकडच्या थव्याचे माहेर आहे, त्यात आज लाखाच्या घरात पक्षी असावेत असा अंदाज केला जातो.

आणि संख्या वाढली की तिच्याबरोबर मागणी येते. केंटकी राज्याने २०११ साली शिकार सुरू केली, टेनेसीने २०१३ साली, अलाबामाने २०१९ साली. पश्चिमेकडच्या मोठ्या थव्याची शिकार तर १९६१ पासूनच चालू आहे. त्या वाटेवरचे नेब्रास्का राज्य तेवढे अपवाद. तिथे मार्चमध्ये प्लाट नदीच्या वाळूत लाखो क्रौंच उतरतात, ते बघायला जगभरातून माणसे येतात आणि त्यांच्यावर तिथे गोळी झाडली जात नाही.

विस्कॉन्सिनमध्ये ही मागणी २०१२ साली विधिमंडळात आली, मग २०२१ साली आली. २०२४ साली विधिमंडळाने या प्रश्नावर एक अभ्याससमिती बसवली आणि २०२५ साली पुन्हा विधेयक मांडले गेले. अशा शिकारीला केंद्र सरकारच्या वन्यजीव खात्याचीही संमती लागते. एखाद्या विधेयकाचे काय होते, हा त्या त्या अधिवेशनापुरता प्रश्न. मागणी मात्र दर काही वर्षांनी फिरून दाराशी येते. पक्षीनिरीक्षकांची चिंता ती हीच.

स्वयंपाकघरातली बाजू

आम्ही ज्या बांधावर उभे राहतो, त्याला लागून एका शेतकऱ्याची जमीन आहे. गाडी आम्ही त्याच्याच अंगणात लावतो. वयाने माझ्याएवढाच, दुभत्या गाई आणि मका. त्या दिवशी त्याने आम्हाला आत बोलावले. स्वयंपाकघरातल्या टेबलाशी बसवले. मी शेतकऱ्याचा मुलगा आहे हे मुलीने त्याला कधीतरी सांगितले होते. त्यामुळे असेल, तो मोकळेपणाने बोलला.

‘‘तुम्ही मोजता आणि घरी जाता,’’ तो म्हणाला. ‘‘मे महिन्यात या. मका पेरला की आठ-दहा दिवसांत कोंब वर येतो. हे पक्षी सरीला लागतात. एक कोंब, पुढचा कोंब, त्याच्या पुढचा. चोचीने उपटायचा, खालचा दाणा खायचा आणि कोंब तिथंच टाकायचा. सकाळी उठून बघावं तर सरीच्या सरी मोकळ्या. पुन्हा पेरायचं म्हणजे बियाणं पुन्हा, डिझेल पुन्हा, आणि उशिरा पेरलेला मका थंडीच्या आत तयार होईल याची खात्री नाही.’’

त्याचे म्हणणे खोटे नव्हते. पाणथळीच्या जवळ ज्याची जमीन, त्याचे हे नुकसान दर वर्षीचे. आणि विशेष म्हणजे, हे काम मोठे थवे करतात. जोडी जमलेले पक्षी आपापल्या हद्दीत राहतात. पण ज्यांची अजून जोडी जमलेली नाही असे तरणे पक्षी वसंतभर टोळीने हिंडतात. एका शेतात उतरले की ते शेत साफ.

सरकारकडून अशा शेतकऱ्याला एक परवाना मिळू शकतो. नुकसान करणारे काही पक्षी तो मारू शकतो. पण त्या पक्ष्याचे मांस खायला परवानगी नाही. ‘‘मारायचा आणि टाकून द्यायचा,’’ तो कपाकडे बघत म्हणाला. ‘‘माझ्या बापानं मला असं शिकवलेलं नाही. शिकारीचा हंगाम असता तर निदान कोणाच्या ताटात तरी गेला असता.’’

इथले शिकारी या पक्ष्याच्या मांसाला ‘आकाशातला रिबआय’ म्हणतात. रिबआय म्हणजे गोमांसाचा सगळ्यात चवदार तुकडा. हे नाव ऐकून माझ्या मुलीचा चेहरा उतरतो. माझा उतरला नाही. त्याचे कारण मी तिला आजवर कधी सांगितले नव्हते. ते त्या दिवशी परतताना गाडीत सांगितले.

आमचा हरभरा

१९६५ सालचा हिवाळा असेल. मी दहा वर्षांचा. जायकवाडीचे धरण अजून व्हायचे होते. आमचे शेत गोदावरीच्या काठाला होते आणि नदीच्या वाळूत दर हिवाळ्यात कांड्या करकोचे उतरत. मध्य आशियातून हिमालय ओलांडून येणारे हे लहानसर क्रौंच. राखाडी अंग, काळी मान, डोळ्यांमागून निघालेले पांढरे तुरे. रात्री ते वाळूत एका पायावर झोपत आणि उजाडले की आमच्या हरभऱ्यात येत. घाटे भरायच्या दिवसांत त्यांची धाड पडली, की वडील आणि चुलते आळीपाळीने माळ्यावर बसत. हातात गोफण, शेजारी वाजवायला रॉकेलचा रिकामा डबा.

एका वर्षी वडिलांचा धीर सुटला. त्यांच्या ओळखीचे एक गृहस्थ होते, त्यांच्याकडे बारा बोअरची बंदूक होती. त्यांना बोलावणे गेले. पहाटे ते आले, बांधाआड बसले आणि थवा उतरल्यावर त्यांनी दोन बार काढले. दोन पक्षी पडले. बाकीचा थवा वर उठून ओरडत नदीपलीकडे गेला. त्या दिवशी घरी रस्सा झाला. मीही खाल्ला. चव वाईट होती असे सांगितले तर ते खोटे होईल.

मला लक्षात राहिले ते दुसरेच. दुसऱ्या दिवशी सकाळी थवा पुन्हा हरभऱ्यात होता. तेवढाच. दोन कमी झाले म्हणून आमच्या शेताला काहीच कळले नाही. वडील काही न बोलता माळ्यावर चढले आणि त्यांनी डबा वाजवायला सुरुवात केली. त्या वर्षी जो हरभरा घरात आला, तो डब्याने आणि गोफणीने आणला. बंदुकीने एक दिवसाचा रस्सा दिला.

‘‘हे तुम्ही मला आत्ता सांगताय, बाबा?’’ मुलगी म्हणाली. पुढची दहा मिनिटे ती गाडी चालवत राहिली.

पेरणीचे आणि शिकारीचे पंचांग

शिकारीच्या प्रस्तावाविरुद्ध पक्षीनिरीक्षक जे मांडतात, त्यातला मला सगळ्यात पटलेला मुद्दा म्हणूनच पंचांगाचा आहे. मक्याचा कोंब उपटला जातो मे-जूनमध्ये. १९१६च्या त्याच करारानुसार स्थलांतरित शिकारी पक्ष्यांची शिकार १० मार्च ते १ सप्टेंबर या काळात करता येत नाही. म्हणजे हंगाम झालाच तर तो शरद ऋतूत होणार. तोवर मका कापणीला आलेला असतो आणि क्रौंच शेतात सांडलेले दाणे वेचत असतात, ज्याने कोणाचेच नुकसान होत नाही. त्या वेळी पडणारा पक्षी हा मे महिन्यातला चोर असेलच असेही नाही. उत्तरेकडून वाटेत मुक्कामाला उतरलेलाही तो असू शकतो. चोरी एकाने एका महिन्यात करायची आणि शिक्षा दुसऱ्याला दुसऱ्या महिन्यात, असा हा न्याय आहे.

दुसरा मुद्दा या पक्ष्याच्या संसाराचा. बदक एका विणीत आठ-दहा पिल्ले काढते. क्रौंचाची मादी बहुधा दोनच अंडी घालते आणि त्यातले एखादे पिल्लू उडण्यापर्यंत वाचले तर नशीब. पुष्कळ वर्षी एकही वाचत नाही. तीन-चार वर्षांचा होईपर्यंत पक्षी विणीला लागत नाही, कित्येकदा त्याहूनही उशिरा. पिल्लू आईबापांबरोबर नऊ-दहा महिने राहते आणि दक्षिणेची वाट त्यांच्याबरोबर उडूनच शिकते. शरदातल्या थव्यात म्हणून सुटे पक्षी थोडे, कुटुंबे फार. केंटकी-टेनेसीत हे पक्षी हिवाळी पाहुणे असतात. विस्कॉन्सिनमध्ये ते घरी असतात. विस्कॉन्सिनचे पक्षी दक्षिणेला जाताना त्या राज्यांच्या बंदुकांपुढून जातातच; आता घर सोडण्यापूर्वीही त्यांच्यावर गोळ्या झाडायच्या का, असा हा सवाल आहे.

तिसरी चिंता एका दुसऱ्याच पक्ष्याची आहे. हूपिंग क्रेन हा उत्तर अमेरिकेतला सगळ्यात उंच पक्षी. शुभ्र पांढरा, पंखांची टोके काळी. १९४१ साली तो जगात वीस-बावीस इतकाच उरला होता. त्याला परत आणण्याच्या प्रयत्नांच्या कथा ऐकाव्या तेवढ्या थोड्या. क्रेन फाउंडेशनचे एक संस्थापक जॉर्ज आर्चिबाल्ड यांनी माणसांत वाढलेल्या टेक्स नावाच्या एका मादीने अंडे घालावे म्हणून वर्षानुवर्षे तिच्याबरोबर नराची भूमिका घेऊन नाच केला. १९८२ साली त्या अंड्यातून पिल्लू बाहेर आले. पुढे २००१ पासून विस्कॉन्सिनमधल्या नेसीडा अभयारण्यात वाढवलेल्या पिल्लांना छोट्या विमानामागून उडवत फ्लोरिडाची वाट शिकवण्यात आली. एवढे करून पूर्वेकडच्या या थव्यात आज शंभराच्या आतच पक्षी आहेत, आणि ते सँडहिलच्याच थव्यांत मिसळून हिंडतात. धुक्याच्या पहाटे, उगवत्या सूर्यासमोर पांढरा कोणता आणि राखाडी कोणता हे ओळखायला चांगला डोळा लागतो. पहिल्या वर्षाचे पिल्लू तर पांढरेही नसते, बदामी असते.

ही भीती काल्पनिक नाही. या थव्यातली एक मादी होती. परत आणलेल्या पक्ष्यांपैकी मोकळ्या रानात पिल्लू वाढवून दाखवणारी ती पहिली. २००९ साली इंडियाना राज्यात तिला गोळी घालून मारण्यात आले. तेव्हा तिथे क्रौंचांचा हंगामही नव्हता. गुन्हेगार सापडला, खटला चालला आणि न्यायालयाने दंड केला: एक डॉलर. मोजणीला येणाऱ्या जुन्या माणसांपाशी हा आकडा काढला, की ती गप्प होतात.

चौथी गोष्ट सवयीची. विस्कॉन्सिनने १९७१ साली होला पक्ष्याच्या तिथल्या जातीला शांतीचे राज्यचिन्ह म्हणून मान दिला. २००३ साली त्याच चिन्हाची शिकार सुरू झाली. हंगाम एकदा सुरू झाला की तो बंद होणे अवघड. त्याच्याभोवती परवाने येतात, दुकाने येतात, दर वर्षीची वाट पाहणे येते. आणि इथल्या ओजिब्वे आदिवासींमध्ये तर क्रौंच हे एका कुळाचे दैवक आहे. त्यांच्या लेखी हा हिशेबाचा विषयच नाही.

दुसऱ्या बाजूचे खरे

पण मास्तरकीत आयुष्य गेल्यामुळे मला एक खोड आहे. एका बाजूचा पेपर तपासला की दुसऱ्या बाजूचाही तपासावासा वाटतो.

शिकारी म्हणतात, मोजकेच परवाने दिले आणि संख्या सांभाळली, तर थवा संपणार नाही. हे म्हणणे उडवून लावण्यासारखे नाही. केंटकी-टेनेसीत शिकार सुरू झाली म्हणून पूर्वेकडचा थवा कोसळला, असे काही घडलेले नाही. दुसरे असे, की अमेरिकेत रानांचा आणि पाणथळींचा खर्च फार मोठ्या प्रमाणात शिकाऱ्यांच्या खिशातून येतो. बंदुका आणि काडतुसांवर १९३७च्या कायद्याने एक कर आहे, तो वन्यजीवांच्या कामासाठीच जातो. दुर्बिणीवर असा कर नाही. आणि ज्या लिओपोल्ड यांनी क्रौंचाचा मृत्युलेख लिहिला, ते स्वतः शिकारी होते. आपल्याकडे सलीम अली यांचीही सुरुवात छऱ्याच्या बंदुकीने पाडलेल्या एका चिमणीपासूनच झाली. शिकारी म्हणजे निसर्गाचा वैरी, असे सोपे समीकरण मांडणाऱ्याला इतिहास साथ देत नाही.

तरीही मला पक्षीनिरीक्षकांची बाजू खरी वाटते. क्रौंच संपतील का, हा प्रश्न इथे नाहीच मुळी. शेतकऱ्याच्या नुकसानीचे नाव पुढे करून हंगाम मागितला जातो आणि त्या हंगामाने शेतकऱ्याचे नुकसान भरून निघत नाही, ही खरी गोम आहे. ज्याला क्रौंचाची शिकार हवी आहे, त्याने ती शिकार म्हणून मागावी आणि त्यावर लोकांनी मत द्यावे. माझ्या त्या यजमानाच्या मोकळ्या सऱ्या मध्ये आणू नयेत.

कारण त्या सऱ्यांवर उपाय आहे. पेरण्यापूर्वी बियाण्याला अँथ्रोक्विनोन नावाचे एक द्रव्य चोळतात. आपल्याकडे पोट साफ व्हायला सोनामुखी देतात, ती ज्या द्रव्यांनी काम करते त्याच कुळातले हे. क्रौंचाने असा दाणा खाल्ला की त्याला अस्वस्थ वाटते, आणि हा हुशार पक्षी तो दाणा सोडून देतो. गंमत अशी, की तो शेत सोडत नाही. तिथेच राहून हुमणीसारख्या अळ्या आणि मागच्या वर्षीचे सांडलेले दाणे खातो. पुढच्या शेजाऱ्याकडे पीडा ढकलली जात नाही. या उपायाच्या मागे क्रेन फाउंडेशनच्या संशोधकांची बरीच वर्षांची मेहनत आहे. फक्त त्याला पैसे पडतात, आणि ते शेतकऱ्याला दर वर्षी आपल्या खिशातून घालावे लागतात.

२०२५च्या विधेयकात या खर्चातला काही वाटा सरकारने उचलावा अशीही तरतूद होती. पण ती शिकारीच्या हंगामाबरोबर एकाच दाव्याला बांधलेली. मोजणीला येणाऱ्यांचे म्हणणे एवढेच, की ही गाठ सोडा. बियाण्याला मदत द्या, ती आज द्या, आणि हंगामाचा वाद वेगळा करा.

खर्च कोणाचा?

इथे मला आपल्याकडची दोन चित्रे आठवतात.

पहिले भरतपूरचे. आज जिथे केवलादेव राष्ट्रीय उद्यान आहे, तिथे संस्थानिकांच्या काळात पाहुण्यांसाठी शिकारीचे सोहळे होत. १९३८ साली व्हाइसरॉय लिनलिथगो यांच्या एका दिवसाच्या शिकारीत ४,२७३ पक्षी पडले; तो आकडा तिथे दगडात कोरलेला आहे. याच भरतपूरला सैबेरियातून पांढरे क्रौंच हिवाळ्याला येत. क्रेन फाउंडेशनचे दुसरे संस्थापक रॉन सावी त्यांचा अभ्यास करायला १९७०च्या दशकात बाराबूहून भरतपूरला आले होते. १९६०च्या दशकात हे क्रौंच दोनशेच्या आसपास होते. मग त्यांच्या वाटेवर, अफगाणिस्तान-पाकिस्तानकडे, शिकार होत राहिली, पाणथळी आटत गेल्या आणि थवा उतरत उतरत एका जोडीवर आला. २००१-०२च्या हिवाळ्यात ती जोडी दिसली. त्यानंतर भरतपूरने सैबेरियन क्रौंच पाहिलेला नाही. भरतपुरात त्यांच्यावर तेव्हा कोणी गोळी झाडत नव्हते. राखणाऱ्यांनी एका टोकाला राखले, तरी वाटेवरचा हिशेब दुसऱ्यांच्या हातात होता. विस्कॉन्सिनचा क्रौंचही असाच पाच-सहा राज्ये ओलांडून जातो. प्रत्येक राज्य आपल्यापुरते ‘थोडेच मारू’ म्हणते. या सगळ्या थोड्यांची बेरीज त्या एकाच थव्यातून वजा होते.

दुसरे चित्र अधिक जवळचे. आपल्या गोंदिया जिल्ह्यात सारस अजून टिकून आहेत. संख्या फार थोडी. ते घरटे करतात धानाच्या बांधीत, म्हणजे कोणाच्या तरी मालकीच्या पिकात. घरट्याच्या जागेपुरते धान जाते. तिथल्या पक्षीमित्रांनी शेतकऱ्यांशी वर्षानुवर्षे बोलून, त्यांना सोबत घेऊन ती घरटी राखली आहेत. राजस्थानात खीचन गावाने तर कांड्या करकोच्यांना रोजचे धान्य घालण्याची रीतच पाडली. तिथे हजारोंनी पक्षी उतरतात, आणि २०२५ साली त्या गावाच्या पाणथळीला रामसर स्थळाचा दर्जा मिळाला. तिथे धान्यासाठी देणगी येते ती पक्ष्यावर माया करणाऱ्यांकडून. ज्याला पक्षी हवा, त्याने पोते आणून दिले. सोपा हिशेब आहे.

म्हणून मोजणीनंतरच्या कॉफीला जेव्हा सगळे हळहळत होते, तेव्हा मी मुलीमार्फत एक गोष्ट विचारली. इंग्रजी मला समजते, पण चार परक्या माणसांत बोलायला जीभ वळत नाही. मी विचारले, आपण जिथे उभे राहून मोजतो, त्या शेतकऱ्याच्या बियाण्याच्या खर्चात आपण वाटा का घेऊ नये? सरकार देईल तेव्हा देईल. आपण दुर्बिणीवर शेकडो डॉलर घालतो. पक्षी आपल्याला दिसतो तो त्याच्या मक्यावर वाढलेला.

काही क्षण कोणी बोलले नाही. मग एक वयस्क बाई, जी चाळीस वर्षे मोजणीला येते म्हणतात, हसली आणि म्हणाली, ‘‘हे आम्ही फार आधी विचारायला हवं होतं.’’ तिने तक्त्याच्या मागच्या कोऱ्या बाजूला एक यादी सुरू केली. नाव आणि आकडा. आमचे नाव चौथे आहे.

यातून राज्याचा प्रश्न सुटणार नाही हे मला कळते. पाणथळींच्या कडेला असे शेतकरी हजारो असतील, यादी एका पानाची. पण विधिमंडळात जेव्हा हा विषय पुन्हा निघेल, आणि तो निघेल, तेव्हा त्या शेतकऱ्याकडे बोट दाखवून ‘याच्यासाठी शिकार हवी’ असे म्हणणे निदान एका ठिकाणी तरी अवघड जावे.

आम्ही निघालो तेव्हा तो अंगणात ट्रॅक्टरशी काहीतरी करत होता. मुलीने यादीबद्दल त्याला सांगितले. तो हो म्हणाला नाही आणि नाहीही म्हणाला नाही. हात फडक्याला पुसत त्याने एवढेच विचारले, ‘‘किती निघाल्या यंदा?’’

‘‘तुमच्या बाजूला चार जोड्या,’’ मुलगी म्हणाली.

‘‘पाच,’’ तो म्हणाला. ‘‘ओढ्याच्या वळणावर एक आहे. तुम्हाला बांधावरून दिसत नाही ती. दर वर्षी असते.’’

मुलीने तक्ता पुन्हा उघडला. नियमाप्रमाणे आपण स्वतः पाहिले-ऐकले तेवढेच मोजायचे असते. म्हणून तिने ती पाचवी रेघ रकान्यात ओढली नाही, खाली शेरा म्हणून लिहिली: ‘शेतमालकाच्या माहितीनुसार, ओढ्याच्या वळणावर एक जोडी.’